बोल्ट बंद होत नाही, तेव्हा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या महिन्यात एकाच तक्रारीची बरीच पत्रे आली: सीलबंद पेटीतली, कारखान्यात भरलेली काडतुसे रायफलीच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) नीट बसत नाहीत. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, मध्येच अडतो, नाहीतर शेवटच्या टप्प्यात हाताला जड लागतो. पत्रांतल्या रायफली वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे उत्तरेही वेगवेगळी आहेत. सगळ्यांना लागू पडते ते आधी सांगतो. अडलेल्या बोल्टवर तळहाताने ठोका मारायचा नाही. नळी सुरक्षित दिशेला, बोट खटक्यापासून दूर, डोळ्यांवर चष्मा. घरात बसून जिवंत काडतूस चेंबरमध्ये ‘घालून बघणे’ पूर्ण बंद. पुढे सांगितलेल्या ज्या तपासणीला जिवंत काडतूस लागते, ती रेंजवरच आणि रेंज ऑफिसरला सांगून करायची आहे.

प्रश्न : माझी मुलगी ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात सराव करते. तिच्यासाठी .२२ ची (हे नळीच्या व्यासाचे इंचातले माप) वापरलेली, पण चांगल्या बनावटीची मॅच रायफल घेतली आहे. पेटीतली पहिली वीस-पंचवीस काडतुसे ठीक बसतात, नंतर बोल्ट बंद करायला जोर लागू लागतो. अधूनमधून पहिल्या ठोक्याला गोळी सुटत नाही. तेच काडतूस पुन्हा कॉक करून मारले की सुटते. एकदा न उडालेले काडतूस काढताना पुंगळी (दारू भरलेले पितळी नळकांडे) बाहेर आली आणि गोळी आतच राहिली, दारू खटक्याच्या भागात सांडली. काडतुसे परदेशी, नावाजलेल्या कंपनीची आहेत. लॉट खराब आहे का?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : लॉटला दोष देण्याआधी चेंबर पाहा. तुमची तिन्ही लक्षणे बहुधा एकाच जागी येऊन मिळतात.

आधी नेहमीचे काय ते समजून घ्या. मॅच रायफलीचे चेंबर मुद्दाम आखूड आणि तंग ठेवलेले असते. काडतूस पूर्ण बसले की शिशाच्या गोळीचा पुढचा भाग रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) सुरुवातीला जेमतेम मिलिमीटरभर रुततो. म्हणून साध्या क्लब रायफलीपेक्षा या रायफलीचा बोल्ट शेवटी किंचित जड लागतो. तो दोष नव्हे. न उडवलेले काडतूस काढून पाहिले, तर गोळीच्या कडेवर बारीक, उथळ आणि सगळीकडून सारख्या खुणा दिसायला हव्यात. खुणा खोल असतील, एकाच बाजूला असतील किंवा गोळीवर शिसे खरवडलेले दिसत असेल, तर वाटेत काहीतरी साचले आहे.

साचते कुठे, तर पुंगळीचे तोंड संपते तिथून पुढे. .२२ लाँग रायफल काडतुसाची पुंगळी साधारण १५.६ मिलिमीटर लांब असते आणि पूर्ण काडतूस जास्तीत जास्त २५.४ मिलिमीटर. पुंगळीचे तोंड आणि रायफलिंगची सुरुवात यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत जळलेल्या दारूची काजळी, गोळीवरचे मेणासारखे वंगण आणि शिसे यांचा थर बसतो. बऱ्याच .२२ काडतुसांच्या प्रायमरमध्ये (ठोक्याने पेटून दारू पेटवणाऱ्या मसाल्यात) बारीक काचेची पूड असते. ती या थरात मिसळली की तो सिरॅमिकसारखा कडक होतो. नेमबाज याला कार्बन रिंग म्हणतात. जुन्या मालकाने नळी मागून पुढे पुसत ठेवली असेल, पण ही कडी तशीच राहिली असेल. कपड्याची चिंधी तिच्यावरून नुसती सरकून जाते.

आता लक्षणे जुळवून पाहा. वीस-पंचवीस गोळ्यांनंतर जडपणा येतो, कारण जुन्या कडीवर ताज्या मेणाचा आणि काजळीचा थर चढतो. पहिला ठोका वाया जातो, कारण काडतूस पूर्ण बसलेले नसते. .२२ मध्ये प्रायमर पुंगळीच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कड चेंबरच्या काठावर चिरडते. काडतूस केसभर मागे राहिले, तर पिनचा जोर कड चिरडण्याऐवजी काडतूस पुढे ढकलण्यात खर्च होतो. त्या धक्क्याने ते बसते आणि दुसऱ्या ठोक्याला उडते. ‘दुसऱ्यांदा सुटते’ हे वाक्य ऐकले की आम्ही आधी चेंबर विचारतो, फायरिंग पिनची स्प्रिंग त्यानंतर. आणि गोळी आत राहते ती कडीत आणि रायफलिंगमध्ये अति घट्ट रुतल्यामुळे.

मुलगी ज्या प्रकारात आहे, त्यात आता मोजणीच्या ६० गोळ्या असतात: गुडघ्यावर २०, पडून २०, उभ्याने २०, शिवाय नेम लावण्याच्या गोळ्या वेगळ्या. याच प्रकारात २०२४ साली पॅरिसला तुमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ जिंकले. उभ्याने मारण्याची पाळी शेवटी येते आणि तीच सर्वांत कठीण. नेमक्या त्या वेळी बोल्ट जड झाला, तर प्रत्येक गोळीला खांद्यावरची रायफल हलते आणि सगळी बैठक पुन्हा जमवावी लागते. म्हणून हे काम स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी करा. कडी निघाल्यावर शून्य, म्हणजे साइटची जुळणी, पुन्हा तपासावे लागते.

साफ करण्याची रीत अशी. रायफल रिकामी, बोल्ट काढून बाजूला. मागून बोअर गाइड (सफाईचा रॉड सरळ ठेवणारी नळी) बसवा. त्याशिवाय रॉड घासून चेंबरची कड बिघडते. कार्बन विरघळवणाऱ्या द्रावणात भिजवलेली चिंधी चेंबरच्या पुढच्या टोकाशी नेऊन दहा-पंधरा मिनिटे तिथेच राहू द्या. मग .२२ चा ब्राँझचा ब्रश त्याच द्रावणात बुडवून फक्त त्या पट्टीत दहा-बारा वेळा थोडे पुढे, थोडे मागे. पूर्ण नळीतून ब्रश न्यायची गरज नाही. कोरड्या चिंध्या घालून पाहा: काळे येत असेल तर पुन्हा भिजवा. जुनी कडी एका बैठकीत निघत नाही, तीन-चार वेळा करावे लागते. पोलादी ब्रश, पॉलिश पेपर, ड्रिलला लावलेला ब्रश यांतले काहीही नको. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो. तो चेंबरमधून आत घालून पाहिला की कडी काळ्या वर्तुळासारखी स्पष्ट दिसते, आणि काम झाले की नाही याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही. शेवटी चेंबर कोरडे करा. आमचा सल्ला असा की रेंजच्या प्रत्येक दिवशी शेवटी चेंबरमधून एक ओली आणि दोन कोरड्या चिंध्या फिरवाव्यात, आणि दोनशे-तीनशे गोळ्यांनंतर ब्रश.

एवढे करूनही जड लागले, तर काडतुसांकडे वळा. .२२ ची गोळी बाहेरून पुंगळीइतक्याच जाडीची असते. फक्त तिचे बारीक केलेले बूड पुंगळीत बसवलेले असते. त्यामुळे पेटी हातातून पडली की गोळ्या सहज तिरक्या होतात. काचेच्या तुकड्यावर काडतूस हलके लोळवा. टोक डुगडुगले तर ते बाजूला ठेवा. कडेची जाडी पाहायची असेल, तर ३० मिलिमीटर लांबीचे, आरपार ५.८ मिलिमीटर छिद्र असलेले पोलादी नळकांडे लेथवाल्याकडून करून घ्या. काडतूस गोळीच्या बाजूने आत सोडा, कड वर टेकेल. डिजिटल व्हर्नियरने एकूण उंची मोजा, त्यातून ३० वजा करा. उत्तर १.०९ मिलिमीटरपेक्षा जास्त आले तर कड ठरलेल्या मापापेक्षा जाड आहे, आणि तंग चेंबरमध्ये ते काडतूस अडणारच. पेटीतली दहा मोजली की लॉटचा अंदाज येतो. थंडीत मेण घट्ट होते, त्यामुळे पहाटेच्या सरावात किंवा हिवाळ्यात दिल्लीच्या रेंजवर तीच काडतुसे जराशी जड लागतील. त्याला लॉटचा दोष म्हणू नका.

राहिले ते आत अडकलेल्या गोळीचे. गोळी चेंबरच्या पुढे अडकलेली असताना मागून दुसरे काडतूस घालून उडवले, तर नळी फुगते. हे मुलीला आजच सांगून ठेवा. पुंगळी बाहेर आली पण गोळी आली नाही, की हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचे. बोल्ट काढून सांडलेली दारू झटकून, ब्रशने पूर्ण साफ करायची. खटक्याच्या यंत्रणेत कण राहिले तर खटका अडखळतो. मग नळीच्या तोंडाकडून, नळीत नेमका बसणाऱ्या पितळी रॉडने गोळी हलके मागे ढकलायची. हे चेंबर रिकामे असतानाच. चेंबरमध्ये जिवंत काडतूस असताना पुढून रॉड कधीही घालायचा नाही. रेंज ऑफिसरची परवानगी असेल, तर न उडालेले काडतूस काढताना नळी लक्ष्याच्याच दिशेने ठेवून थोडी वर उचला; पुंगळीचे तोंड वर राहिले की दारू तिच्यातच राहते. आणि पहिला ठोका फुसका गेला, तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी लक्ष्याकडे ठेवून तीस सेकंद थांबा.

प्रश्न : आमच्या क्लबमध्ये नवशिक्यांसाठी .२२ शॉर्ट काडतुसे बरीच वापरली गेली. आता त्याच रायफलीत लाँग रायफल काडतुसे निम्म्यावर अडतात. शिवाय एकाने परदेशातून आलेली ‘स्टिंगर’ काडतुसे आणली, ती मॅच रायफलीत बोल्ट बंदच होऊ देत नाहीत.
— क्लब सचिव, ठाणे

उत्तर : शॉर्टची पुंगळी साधारण १०.७ मिलिमीटर लांब. तिच्या तोंडापुढे कडी साचली ती लाँग रायफल चेंबरच्या मधोमध, आणि आता पुढे जाणारी लांब पुंगळी तिच्यावर अडते. वरच्या उत्तरातली रीतच लागू आहे. फक्त ब्रश चेंबरच्या आत, चार-पाच मिलिमीटर अलीकडे फिरवायचा. शॉर्टसाठी एक रायफल वेगळी ठेवा.

स्टिंगर मॅच रायफलीत घालूच नका. तिच्यावर .२२ लाँग रायफलच लिहिलेले असते, पण पुंगळी सुमारे १८ मिलिमीटर लांब, म्हणजे नेहमीच्या पुंगळीपेक्षा जवळजवळ अडीच मिलिमीटर जास्त. तंग चेंबरमध्ये पुंगळीचे तोंड रायफलिंगच्या चढावर जाऊन दाबले जाते. तोंड मोकळे उघडायला जागा नाही, की दाब वाढतो. मॅच चेंबरमध्ये वापरू नये, असा इशारा बनवणारेच देतात. बोल्ट बंद झाला नाही, हे क्लबचे नशीब समजा.

प्रश्न : आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर .३१५ ची रायफल आहे. काडतुसे आपल्याकडच्याच कारखान्यातली. मॅगझिनमध्ये पाच भरली की दुसरे किंवा तिसरे काडतूस पुढे सरकत नाही, बोल्ट अडतो. काही काडतुसे चेंबरमध्ये गेल्यावर घट्ट बसतात आणि काढायला जोर लागतो. ती कातड्याच्या पट्ट्यात दोन वर्षे होती. रायफल गेल्या वर्षी एका दुकानात साफ करून घेतली होती.
— एक शेतकरी, नाशिक जिल्हा

उत्तर : या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एकेक घेऊ.

पहिली, मॅगझिन. .३१५ म्हणजे ८ बाय ५० मिलिमीटरचे, बुडाला बाहेर आलेली कड असलेले काडतूस. रायफलीचा सांगाडा ली-एनफिल्ड घराण्यातला. कडवाली काडतुसे एकावर एक ठेवताना वरच्याची कड नेहमी खालच्याच्या कडेच्या पुढे असली पाहिजे. उलटे झाले, म्हणजे वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली, की पुढे सरकताना ती खालच्या काडतुसाला सोबत ओढते आणि दोन्ही अडकतात. भरताना पहिले काडतूस दाबून पूर्ण मागे सरकवा, दुसरे ठेवताना त्याची कड पहिल्याच्या पुढे पडली आहे ना, हे डोळ्यांनी पाहा, पुढचेही तसेच. अडलेच तर बोल्ट मागे घ्या, मॅगझिन काढा, काडतुसे हाताने बाहेर काढून पुन्हा लावा. पुढे दामटू नका.

दुसरी, कातड्याचा पट्टा. पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, तसेच हे. कमावलेल्या कातड्यातली आम्ले आणि आपली पावसाळी हवा मिळून पितळेवर हिरवा, खरबरीत थर धरतो. तो पुंगळीच्या अंगावर असतो, पट्ट्याचा वेढा असतो नेमका तिथे, आणि काडतूस चेंबरमध्ये तिथेच आवळते. नुसता पुसट हिरवा डाग असेल तर कोरड्या, जाड कापडाने पुसून निघतो. नखाला खळगा लागत असेल, पुंगळीला गुलाबी-तांबूस चट्टा असेल किंवा गोळीच्या बुडाशी हिरवे साचलेले असेल, तर ते काडतूस वापरातून बाद. तांबूस चट्टा म्हणजे पितळातले जस्त निघून गेले आहे, तिथे धातू ठिसूळ झालेला असतो. उरलेली काडतुसे मूळ खोक्यात, हवाबंद डब्यात ठेवा. पट्टा फक्त बाहेर पडताना.

तिसरी, दुकानातली सफाई. या घराण्याच्या रायफलीत बोल्टचे डोके वेगळे असते आणि आट्यांवर बसते. जोडताना ते पूर्ण आवळले नाही आणि एक फेरा बाहेर राहिले, तर बोल्ट लांब होतो आणि काडतुसावर बंद होत नाही. शिवाय दुकानात दोन रायफलींचे बोल्ट एकमेकांत गेले, तरी तेच. बोल्टवरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक जुळतो का पाहा. न जुळणारा बोल्ट जड लागला तर निदान कळते. सैल निघाला तर तो अधिक वाईट, कारण बुडामागे जागा राहून पुंगळी आडवी फाटू शकते. ही तपासणी गेजने (नेमक्या मापाच्या पोलादी ठोकळ्याने), दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूक कारागिराकडूनच करून घ्या. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी करायलाही परवाना लागतो, म्हणून गावातल्या लेथवर हे काम द्यायचे नाही.

चेंबरचे एक राहिले. जपणुकीसाठी लावलेले घट्ट ग्रीस चेंबरच्या खांद्याच्या (पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथल्या) कोनात राहून वाळते आणि लाखेसारखे होते. चेंबरच्या ब्रशने आणि द्रावणाने ते काढा. नंतर तेल लावून ठेवले असेल, तर उडवण्याआधी पूर्ण कोरडे करा. पुंगळी उडताना फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि मागचा धक्का अंगावर घेते. भिंत तेलकट असली की तो सगळा धक्का बोल्टवर येतो.

प्रश्न : आजोबांची .३०-०६ ची माउझर पद्धतीची रायफल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली. रेंजवर एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये ठेवून बोल्ट लावला, तर शेवटी अडतो. नवी काडतुसे, दोन कंपन्यांची, दोन्हींचे तेच. चेंबर रीमरने (छिद्र मोठे करायच्या हत्याराने) थोडे मोठे करून घ्यावे का?
— नागपूर

उत्तर : रीमरला हात लावू नका. दोष बहुधा तुमच्या भरण्याच्या पद्धतीत आहे, आणि आजोबांना तो ठाऊक असणार.

अस्सल माउझरचा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे बोल्टच्या अंगावरची लांब, रुंद पट्टी. काडतूस मॅगझिनमधून वर येताना त्याची कड या पट्टीच्या नखाखाली सरकते आणि तिथून काडतूस धरूनच पुढे जाते. काडतूस आधीच चेंबरमध्ये पडलेले असेल, तर नखाला त्याच्या कडेवरून उडी मारावी लागते, आणि बऱ्याच माउझरांचे नख त्यासाठी घासलेलेच नसते. बोल्ट तिथे थांबतो. जोर लावला की नख तुटते, आणि जुन्या रायफलीचे नख मिळवायला वणवण होते. काडतूस मॅगझिनमध्ये दाबा, तिथून उचलू द्या. एकच मारायचे असेल तरी असेच.

तरीही अडले, तर पुढची तपासणी क्रमाने करा. रिकाम्या चेंबरवर बोल्ट सहज बंद होतो का? नाही, तर दोष बोल्टमध्ये किंवा त्याच्या कानांच्या (बोल्ट अडकवून धरणाऱ्या उंचवट्यांच्या) खाचांत साचलेल्या मळात आहे, काडतुसात नाही. होत असेल, तर याच रायफलीतून उडालेली पुंगळी घालून पाहा. ती जात असेल आणि नवे काडतूस अडत असेल, तर काडतूस कुठे टेकते हे शोधायचे. बोल्टमधून फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढून घ्या, म्हणजे उडण्याचा प्रश्न राहत नाही. तरीही हे काम रेंजवरच. एका काडतुसाला काळ्या मार्कर पेनने पूर्ण रंग द्या, वाळू द्या, मॅगझिनमधून चेंबरमध्ये हलके बसवा आणि काढा. रंग कुठे निघाला ते पाहा. खांद्यावर सगळीकडून निघाला, तर पुंगळीचा खांदा पुढे आहे किंवा चेंबरच्या खांद्यात मळ आहे. बुडाजवळ अंगावर निघाला, तर पुंगळी जाड आहे किंवा चेंबरच्या मागच्या भागात गंज आहे. गोळीच्या निमुळत्या भागावर निघाला, तर गोळी बाहेर बसवलेली आहे किंवा रायफलिंगच्या तोंडाशी तांब्याचा आणि काजळीचा थर आहे. .३०-०६ ची पूर्ण लांबी ८४.८४ मिलिमीटरच्या वर नसावी, व्हर्नियर लावून खात्री करा. मानेवर एकाच बाजूला निघाला, तर गोळी तिरकी बसली आहे. पाच काडतुसांवर हेच करा. एकाच काडतुसावरून निष्कर्ष काढू नका. तपासलेली काडतुसे पुसून वेगळी ठेवा. वारंवार आत-बाहेर केलेल्या काडतुसात गोळी आत दबते, म्हणून लांबी पुन्हा मोजल्याशिवाय ती उडवायची नाहीत.

दोन कंपन्यांची काडतुसे एकाच जागी टेकत असतील, तर दोष रायफलीत. मग गेज लावून घ्या. या गेजमध्ये ‘जातो’ आणि ‘जाऊ नये’ यांतला फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. एवढ्याशा मापात हाताने रीमर फिरवून तंग चेंबरचे सैल चेंबर करणे सोपे, आणि सैल झालेले परत तंग होत नाही.

प्रश्न : काडतुसाच्या बुडावरची अक्षरे वाचून चूक टाळता येते का? घरात .३०-०६, .२७० आणि .३०८ तिन्ही आहेत.
— पुणे

उत्तर : येते, आणि वाचलीच पाहिजेत. बुडावर बनवणाऱ्याची खूण आणि बहुतेक वेळा काडतुसाचे नाव असते. उदाहरणार्थ खडकीच्या कारखान्याची खूण केएफ, वरणगावची ओएफव्ही. तुमच्या घरातली तिन्ही बुडाला सारख्याच व्यासाची आहेत, म्हणून बोल्ट ती मुकाट्याने धरतो. .३०८ ची पुंगळी ५१.२ मिलिमीटर, .३०-०६ ची ६३.३, म्हणजे बारा मिलिमीटरचा फरक. .३०८ हे .३०-०६ च्या चेंबरमध्ये शिरते, बोल्टही बंद होऊ शकतो; खांद्याला आधार नसल्याने पुंगळी फुटते. .३०-०६ हे .२७० मध्ये अडते, कारण गोळीच ७.८ मिलिमीटरची आणि नळी ७ मिलिमीटरची. तिथे जोर लावणारा जीव धोक्यात घालतो. तिघांचे डबे वेगवेगळ्या रंगांचे करा, आणि रेंजवर एका वेळी एकच रायफल, एकच डबा.

प्रश्न : मी ह्यूस्टनला राहतो. एआर-१५ पद्धतीच्या ५.५६ रायफलीत नवी पितळी काडतुसे कधीकधी पूर्ण बसत नाहीत, फॉरवर्ड असिस्टने (बोल्ट पुढे ढकलायच्या बटणाने) ढकलावे लागते. आधी स्वस्त, पोलादी पुंगळीची काडतुसे मारली होती. मित्राची .३०० ब्लॅकआउटही याच बॅगेत असते.
— टेक्सास

उत्तर : शेवटचे वाक्य सर्वांत आधी. .३०० ब्लॅकआउट वेगळ्या बॅगेत ठेवा, आजच. मॅगझिन तेच, बोल्ट तोच, बुडाचे माप तेच; पुंगळी मात्र ३४.७ मिलिमीटर आणि गोळी ७.८ मिलिमीटरची. ते काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये बहुधा अडते. पण गोळी मागे दबली तर बोल्ट बंद होतो, आणि खटका दाबला की रायफल हातात फुटते. तुमच्या बाबतीत फॉरवर्ड असिस्टची सवय म्हणूनच घातक आहे. काडतूस बसले नाही तर ढकलायचे नाही, बाहेर काढून बघायचे.

आता मूळ तक्रार. पोलादी पुंगळी पितळेइतकी फुगून चेंबर बंद करत नाही, त्यामुळे काजळी तिच्या बाजूने मागे येते आणि चेंबरच्या भिंतीवर साचते. त्यानंतर पितळी काडतूस आले, की ते त्या थरात आवळते. पोलादी पुंगळीवरची लाख वितळून चिकटते, असे लोक सांगतात. खरे कारण ही काजळी. चेंबर आणि बोल्टच्या कानांच्या खाचा दोन्ही साफ करणारा खास ब्रश मिळतो. तो द्रावणात बुडवून एकाच दिशेने आठ-दहा फेरे फिरवा, मग कोरडे करा. स्वस्त आणि पितळी काडतुसे एकाच दिवशी मारायची असतील, तर मध्ये ही सफाई करा.

साफ चेंबरमध्येही अडणारी काडतुसे असतील, तर काडतूस-गेज आणा. हे धातूचे नळकांडे असते, त्यात काडतूस सोडले की बूड कडेच्या पातळीत यायला हवे. वर राहिले ते बाद. पन्नासांपैकी एखादे निघाले तर ते वेगळे काढा. चार-पाच निघाली तर लॉट क्रमांकासह पेटी दुकानात परत न्या. नळीवर .२२३ लिहिलेले असेल, तर ५.५६ ची काडतुसे वापरू नका. त्यांचा दाब जास्त असतो आणि.२२३ चेंबरमध्ये रायफलिंगपूर्वीची जागा कमी असते.

प्रश्न : अडणारी काडतुसे पॉलिश पेपरने घासून वापरली तर चालतील का? आणि बाद काडतुसांचे काय करायचे?
— सिंधुदुर्ग

उत्तर : नाही. घासल्यावर पितळ कुठे किती पातळ झाले, ते कळायचा मार्ग नाही, आणि दाब त्याच जागी फाडतो. अंगाला तेल लावून बसवणेही नको; कारण वर आलेच आहे.

बाद काडतुसे कचऱ्यात, विहिरीत, चुलीत टाकू नका. ती तुमच्या परवान्याच्या हिशेबात आहेत. पेटीचे झाकण आणि लॉट क्रमांक जपा, किती अडली आणि कुठे अडली हे कागदावर लिहा, आणि ज्या परवानाधारक विक्रेत्याकडून घेतली त्याच्याकडे पावतीसह न्या. तो घेत नसेल, तर पोलीस ठाण्यात विचारून जमा करा आणि पोच घ्या. तोपर्यंत ती वेगळ्या डब्यात, वर ‘बाद’ असे ठळक लिहून, कुलपात.